खारं पाणी आटताना कोण आधी संपतं, त्यावर सगळं ठरतं

विचारलंय ते असं: समुद्राचं पाणी आटवत नेलं की आधी कार्बोनेट, मग जिप्सम, मग साधं मीठ आणि शेवटी पोटॅशिअम-मॅग्नेशिअमचे क्षार असा क्रम पुस्तकात असतो, पण खाणीतल्या कोअरमध्ये (खोल छिद्र पाडून काढलेल्या खडकाच्या दंडगोलात) तो सरळ असा कधी दिसतच नाही, मग कुठलं मूलद्रव्य नेमकं कधी खाली बसतं, कुठलं पाण्यातच राहतं, आणि ब्रोमीन, स्ट्रॉन्शियम, लिथियम असली चिमूटभर असणारी मंडळी कुठे जातात? मिठाच्या कोअर बघण्यात आणि त्यांचे रिपोर्ट लिहिण्यात बरीच वर्षं गेलीत, म्हणून जमेल तेवढं सांगतो. थोडं लांबेल.

तो क्रम चुकीचा नाहीये. १८४९ मध्ये उसिग्लियो या रसायनतज्ञाने भूमध्य समुद्राचं पाणी टप्प्याटप्प्याने आटवून तो मांडला आणि मिठागरात आजही तोच दिसतो. ढोबळ आकडे सांगायचे तर पाणी साधारण दुप्पट तीव्र झालं की कार्बोनेट सुटायला लागतं, पावणेचार पटीच्या आसपास जिप्सम, साडेदहा-अकरा पटीला हॅलाइट म्हणजे आपलं साधं मीठ, सत्तरच्या आसपास मॅग्नेशिअम सल्फेट आणि नव्वदच्या आसपास पोटॅशिअमचे क्षार. गडबड इथे होते की लोक हा क्रम 'कमी विरघळणारं आधी, जास्त विरघळणारं नंतर' एवढ्यावर समजून घेतात आणि मग प्रत्येक मूलद्रव्याला स्वतःची एक ठरलेली वेळ आहे असं धरून चालतात. तशी वेळ कुणालाच नसते हो. कॅल्शिअम कधी पहिल्याच टप्प्यात संपूर्ण संपतं आणि कधी शेवटच्या थेंबापर्यंत पाण्यात राहतं, दोन्ही निसर्गात घडलंय. त्यामुळे क्रमापेक्षा हिशेब मांडायची सवय लावा, प्रत्येक टप्प्यावर जोडीतलं कोण आधी संपतंय तो हिशेब.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ग्रॅममध्ये बघून काहीच कळत नाही, मोलमध्ये, म्हणजे कणांच्या संख्येत बघा. क्लोराइड साधारण ५४६ मिलिमोल, सोडियम ४६९, मॅग्नेशिअम ५३, सल्फेट २८, कॅल्शिअम आणि पोटॅशिअम दोन्ही १० च्या आसपास आणि बायकार्बोनेट जेमतेम २. आता पहिला टप्पा, कॅल्शिअम कार्बोनेट. एका कॅल्शिअममागे दोन बायकार्बोनेट खर्ची पडतात (एकाचं कार्बोनेट होतं, दुसरं कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं), म्हणजे २ मिलिमोल बायकार्बोनेट फार तर १ मिलिमोल कॅल्शिअम घेऊन जाणार आणि बायकार्बोनेट संपलं. कॅल्शिअम ९ उरलं. दुसरा टप्पा जिप्सम, इथे कॅल्शिअम आणि सल्फेट एकास एक जातात, कॅल्शिअम ९ आणि सल्फेट २८, म्हणजे यावेळी कॅल्शिअम संपतं आणि १९ च्या आसपास सल्फेट शिल्लक राहतं. हे उरलेलं सल्फेटच पुढे जाऊन मॅग्नेशिअम सल्फेटचे क्षार देतं. शेवटी कुठली खनिजं मिळणार हे असं पार सुरुवातीच्या दोन वजाबाक्यांमध्ये ठरून जातं, तेव्हा पाण्यात मिठाचा एक खडाही जमलेला नसतो.

हार्डी आणि युग्स्टर या भूरसायनतज्ञांनी १९७० मध्ये हीच गोष्ट नीट मांडली, फाटा फुटण्याची जागा म्हणून. पाण्यात कॅल्शिअम आणि बायकार्बोनेट यांच्यातलं सुरुवातीला जे जरासं जास्त असेल ते आटताना जास्तच होत जातं आणि दुसरं जवळजवळ शून्याला पोचतं, मध्ये कुठे थांबत नाही. बायकार्बोनेट जास्त असेल तर कॅल्शिअम पहिल्याच टप्प्यात खलास, जिप्सम तयारच होत नाही, पाणी सोडा होत जातं आणि शेवटी ट्रोना (सोडियम कार्बोनेटचं खनिज) जमतो, केनियातलं मागाडी सरोवर हे त्याचं ठळक उदाहरण. आणि तिथे फ्लोराइड भरमसाट का असतं याचं उत्तरही याच हिशेबात आहे, एरवी फ्लोराइडला कॅल्शिअम पकडतं आणि फ्लोराइट म्हणून खाली बसवतं, पण इथे कॅल्शिअमच उरलेलं नाही मग फ्लोराइडला अडवणार कोण, ते वाढतच जातं. याउलट कॅल्शिअम इतकं जास्त असेल की कार्बोनेट संपवून, सल्फेटही संपवून ते उरतं, तर पाणी कॅल्शिअम क्लोराइडचं होतं. मृत समुद्र या प्रकारचा. त्याच्या पाण्यात सल्फेट नावापुरतं आहे आणि कॅल्शिअम समुद्राच्या कित्येक पट. दोन्ही ठिकाणी पाणीच आटलंय, सुरुवातीचं गुणोत्तर वेगळं एवढंच.

आता हॅलाइट. साडेदहा पटीपर्यंत सोडियम आणि क्लोराइड दोघंही पाण्याबरोबर नुसते तीव्र होत जातात, त्यांचं गुणोत्तर ०.८६ वर (मोलमध्ये) स्थिर असतं. हॅलाइट सुरू झालं की दोघं एकास एक बाहेर पडतात आणि सोडियम मुळात कमी आहे, म्हणजे इथे सोडियम हरणार. गुणोत्तर झपाट्याने घसरतं आणि पाण्यात मॅग्नेशिअम हाच मुख्य धन आयन होऊन बसतो. मिठागरात काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, २५ बोमेच्या (पाण्याचा दाटपणा मोजायचं माप) आसपास मीठ पडायला लागतं आणि २९-३० बोमेला उरलेलं पाणी, म्हणजे बिटर्न, काढून टाकतात कारण त्यापुढे मिठात मॅग्नेशिअम शिरतं, मीठ कडवट होतं आणि हवेत ठेवलं की पाझरतं. नवीन लोकांना मी नेहमी सांगतो की सोडियम-क्लोराइडचं गुणोत्तर ही पहिली तपासणी करा, कारण कुठल्याही खाऱ्या पाण्याचं हे गुणोत्तर ०.८६ च्या बरंच खाली असेल तर त्यातून मीठ पडून गेलंय अशी शक्यता मोठी, आणि १ च्या जवळ असेल तर बहुतेक कुठलं तरी जुनं मीठ विरघळून ते पाणी बनलंय. एका आकड्यावरून निकाल लावू नये, पण सुरुवात इथून करावी.

इथे एक गोष्ट घुसवतो जी फार कमी जण लक्षात घेतात. पाणी तीव्र होत जातं तसं ते आटायला नकार देतं. साध्या समुद्राच्या पाण्याची वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे शुद्ध पाण्याच्या (१) तुलनेत वाफ होण्याची ओढ, ०.९८ असते, हॅलाइट पडायला लागतं तेव्हा ती ०.७५ च्या आसपास आलेली असते, आणि पार शेवटच्या बिशोफाइटला, म्हणजे मॅग्नेशिअम क्लोराइडला, ०.३३. याचा सरळ अर्थ असा की हवेतली सरासरी आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तर कितीही ऊन पडो, त्या हवेत मीठ जमणार नाही, आणि बिशोफाइट हवं असेल तर आर्द्रता ३३ टक्क्यांच्या खाली पाहिजे जी समुद्रकाठी जवळपास कुठेच नसते. म्हणून जिप्समचे साठे जगभर, हॅलाइटचे त्याहून कमी, आणि पोटॅश, म्हणजे पोटॅशिअमचे क्षार, मोजक्या ठिकाणी. क्रम अर्ध्यावर तुटण्याचं हे पहिलं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे खोरं बंद नसतं, नवीन पाणी येत राहतं आणि जड झालेलं ब्राइन, म्हणजे तीव्र खारं पाणी, तळातून झिरपून जातं. हिशेब करून बघा, १००० मीटर खोल समुद्र पूर्ण आटवला तरी एकूण १४-१५ मीटर क्षार मिळतात आणि त्यातलं जिप्सम मीटरभरही नाही. मग शेकडो मीटर जाड मिठाचे थर कुठून आले? अर्थातच पाणी पुन्हा पुन्हा येत राहिलं म्हणून. भूमध्य समुद्राखाली १९७० मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजाने ड्रिलिंग करून साधारण ५९.७ ते ५३.३ लाख वर्षांपूर्वीचे क्षार काढले, तिथेही तोच प्रश्न आला, एकदा समुद्र आटून एवढं मीठ होऊच शकत नाही. आणि नवीन पाणी येत राहिलं की ब्राइनची तीव्रता एकाच टप्प्यावर अडकून राहते, म्हणजे शेकडो मीटर फक्त जिप्सम किंवा शेकडो मीटर फक्त हॅलाइट, पुढचा टप्पा येतच नाही.

पोटॅशिअम-मॅग्नेशिअमच्या टप्प्याबद्दल थोडक्यात, कारण हा विषय स्वतःच एक पुस्तक आहे. व्हान्ट हॉफने, तोच ज्याला १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं, जर्मनीतल्या स्टासफुर्टच्या क्षारांवर अनेक वर्षं काम करून कुठल्या तापमानाला कुठली खनिजं समतोलात एकत्र राहू शकतात याचे आराखडे तयार केले. ते बरोबर आहेत, पण उन्हात आटणारं पाणी समतोलाची वाट बघत बसत नाही, काही खनिजांचे स्फटिक बनायला इतका वेळ लागतो की त्यांच्याऐवजी दुसरीच आधी येतात. म्हणून रशियन रसायनतज्ञ कुर्नाकोव्ह आणि त्याच्या लोकांनी प्रत्यक्ष उन्हात आटवून वेगळा 'सोलर' आराखडा केला. म्हणजे जुन्या साठ्यात किसेराइट (कमी पाणी धरणारं मॅग्नेशिअम सल्फेट) दिसलं म्हणून तळ्यात किसेराइटच पडलं होतं असं समजू नका, बहुतेक वेळा आधी जास्त पाणी धरणारं मॅग्नेशिअम सल्फेट पडतं, ते गाडलं जातं, तापतं आणि पाणी सोडून किसेराइट होतं. तापमानाचा खेळही इथेच सगळ्यात जास्त आहे. साध्या मिठाला तापमानाने फारसा फरक पडत नाही, १०० मिली पाण्यात २० अंशाला ३६ ग्रॅम आणि १०० अंशाला ३९, पण पोटॅशिअम क्लोराइड ३४ वरून ५६ पर्यंत जातं, म्हणजे ब्राइन नुसतं थंड झालं तरी सिल्व्हाइट (पोटॅशिअम क्लोराइडचं खनिज) पडतं, आटायची गरजच नाही. सोडियम सल्फेटचं तर त्याहून टोकाचं, कॅस्पियनच्या काठच्या कारा-बोगाझ-गोलमध्ये थंडीत मिराबिलाइट पडतं आणि उन्हाळ्यात परत विरघळतं. ऋतू बदलला की क्रमच बदलला.

आता चिमूटभरवाल्यांकडे वळू, मला स्वतःला यातच खरी मजा वाटते. मुख्य घटक स्वतःचं खनिज बनवतात, पण ब्रोमीनसारखा घटक इतका कमी असतो की तो स्वतःचं खनिज कधी बनवतच नाही. त्याच्यापुढे दोनच रस्ते, दुसऱ्याच्या स्फटिकात शिरायचं नाहीतर पाण्यात राहायचं. शिरता येईल का हे ठरतं आकारावर आणि विद्युतभारावर. क्लोराइडची त्रिज्या १.८१ अँगस्ट्रॉम, ब्रोमाइडची १.९६, भार तोच. जरा मोठा आहे पण बसतो. आयोडाइड २.२०, तो बसत नाही, आणि एरवीही आयोडीनचा ओढा सेंद्रिय पदार्थांकडे, त्यामुळे समुद्री मिठाच्या साठ्यात आयोडीन शोधत बसू नका.

ब्रोमीन हॅलाइटमध्ये शिरतो, पण नाखुशीने, पाण्यात जेवढा आहे त्याच्या काही टक्केच स्फटिकात जातो, बाकीचा मागे राहतो. म्हणजे मीठ पडत जाईल तसं उरलेल्या पाण्यात ब्रोमीन वाढत जातं आणि पुढच्या प्रत्येक थरात ते आधीपेक्षा जास्त मिळतं. समुद्राच्या पाण्यातून पडलेल्या अगदी पहिल्या हॅलाइटमध्ये साधारण ६५ ते ७५ पीपीएम (दहा लाखात तेवढे भाग) ब्रोमीन असतं, आणि पोटॅशचा टप्पा जवळ येईपर्यंत ते २०० च्या पुढे गेलेलं असतं. हे रशियन भूरसायनतज्ञ वाल्याश्कोने दाखवलं आणि पोटॅश शोधणाऱ्यांच्या हातात एक भारी साधन आलं, कोअरमध्ये खालून वर ब्रोमीनचा ग्राफ काढायचा, चढत असेल तर ब्राइन तीव्र होत होतं, एकदम खाली आपटला तर नवीन पाणी घुसलं, आणि ८० वरच अडकून राहिला तर या भागात पोटॅशची आशा फार धरू नका. सिल्व्हाइट आणि कार्नालाइटमध्ये (पोटॅशिअम-मॅग्नेशिअम क्लोराइड) तर ब्रोमीन हॅलाइटच्या कित्येक पट जातं, त्यामुळे सॅम्पलमध्ये सिल्व्हाइटचा एखादा बारीक दाणा आला तरी हॅलाइटचा आकडा फुगतो, हे विसरू नका. बाय द वे, बालारला १८२६ मध्ये ब्रोमीन सापडलं ते माँपेलिएजवळच्या मिठागराच्या बिटर्नमध्येच, आणि तिथेच सापडायला हवं होतं, कारण मीठ काढून घेतल्यावर उरलेल्या पाण्यातच ते साठतं. मृत समुद्रात आज लिटरमागे ५ ग्रॅमच्या आसपास ब्रोमीन आहे, समुद्राच्या साधारण सत्तर-पंच्याहत्तर पट.

ब्रोमीनच्या अगदी उलटं वागणारा घटक म्हणजे रुबिडियम, आणि या दोघांना एकत्र वाचलं तर फार काही कळतं. रुबिडियम पोटॅशिअमसारखा, थोडा मोठा, हॅलाइटमध्ये त्याला जागाच नाही म्हणून तिथपर्यंत तो पाण्यातच तीव्र होत राहतो. सिल्व्हाइटमध्येही तो फारसा रमत नाही. पण कार्नालाइटची जाळी (स्फटिकातली आयनांची मांडणी) त्याला इतकी आवडते की पाण्यातल्यापेक्षा जास्त प्रमाणात तो स्फटिकात ओढला जातो. परिणाम असा की सगळ्यात पहिल्या कार्नालाइटमध्ये रुबिडियम सगळ्यात जास्त आणि नंतर घटत जातं, तेव्हाच ब्रोमीन मात्र वाढत असतं. कार्नालाइटच्या थरात रुबिडियम कमी होत आणि ब्रोमीन वाढत गेलेलं दिसलं तर तो थर सरळ आटत जाणाऱ्या पाण्यातूनच पडला असं म्हणायला जोर येतो. दोन्ही विस्कळीत असतील तर नंतर काहीतरी घडलंय. फक्त ब्रोमीनवर रिपोर्ट लिहिणाऱ्यांशी माझं नेहमी वाजतं ते यावरूनच.

स्ट्रॉन्शियमचं वेगळं. तो कॅल्शिअमचा मोठा भाऊ म्हणा, ॲरागोनाइटमध्ये छान बसतो, कॅल्साइटमध्ये तेवढा नाही (दोन्ही कॅल्शिअम कार्बोनेटच, जाळी वेगळी), जिप्सममध्ये थोडाफार, आणि जिप्समच्या टप्प्याच्या आसपास स्वतःचं खनिजही बनवतो, सेलेस्टाइट. गंमत म्हणजे सेलेस्टाइटचे चांगले साठे बऱ्याचदा आटताना नाही तर नंतर बनतात, ॲरागोनाइटचं कॅल्साइट किंवा डोलोमाइट (कॅल्शिअम-मॅग्नेशिअम कार्बोनेट) होताना आत बसलेला स्ट्रॉन्शियम बाहेर फेकला जातो आणि शेजारी सल्फेट असतंच, लगेच सेलेस्टाइट. हॅलाइटमध्ये मात्र स्ट्रॉन्शियमला जागा नाही, तिथे तो दिसला तर मध्ये अडकलेला ॲनहायड्राइटचा (पाणी नसलेल्या कॅल्शिअम सल्फेटचा) कण शोधा.

बोरॉन समुद्राच्या पाण्यात साडेचार पीपीएमच्या आसपास, जवळजवळ शेवटपर्यंत पाण्यातच राहतो आणि पोटॅश-मॅग्नेशिअमच्या थरांमध्ये बोरासाइट म्हणून दिसतो, स्टासफुर्टला तो आहेच. बोरॅक्सचे मोठे साठे मात्र समुद्राचे नाहीतच, कॅलिफोर्निया आणि तुर्कस्तानातले साठे ज्वालामुखी भागातल्या सरोवरांचे आहेत.

लिथियमबद्दल आजकाल सगळेच विचारतात. आयन छोटा (०.७६ अँगस्ट्रॉम), पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवणारा, आणि साध्या क्षारांपैकी कुणाच्याही जाळीत न बसणारा, त्यामुळे तो शेवटपर्यंत ब्राइनमध्ये. पण म्हणून समुद्राचं पाणी आटवून लिथियम मिळवायचं म्हणाल तर सुरुवातच ०.१८ पीपीएमपासून आहे, शंभर पट केलं तरी हाती काय लागणार. चिलीतल्या अटाकामाच्या सालारमध्ये, म्हणजे मिठाच्या सपाट मैदानात, लिथियम मुळातच आजूबाजूच्या ज्वालामुखी खडकांमधून आणि गरम पाण्यातून आलंय, ब्राइनमध्ये लिटरमागे ग्रॅमच्या वर. तिथल्या तळ्यांमध्ये आधी हॅलाइट, मग सिल्व्हाइट मिसळलेलं हॅलाइट, मग कार्नालाइट, मग बिशोफाइट असं एकेक पाडत पाडत शेवटी साधारण ६ टक्के लिथियमचं ब्राइन उरतं, फार पुढे गेलात तर लिथियम कार्नालाइट पडून माल हातचा जातो. म्हणजे आपला तोच क्रम, फक्त इथे जे पडतं ते बाजूला आणि जे उरतं ते हवंय. खरी अडचण मॅग्नेशिअमची. अटाकामात मॅग्नेशिअम लिथियमच्या ६ पटीच्या आसपास आहे, बोलिव्हियातल्या उयुनीच्या सालारमध्ये हे प्रमाण साधारण अटाकामाच्या तिप्पट, आणि वर तिथे पाऊस जास्त, बाष्पीभवन कमी. उयुनीत लिथियम प्रचंड आहे हे खरं, पण तळ्यात पाणी भरलं आणि वाट बघितली एवढ्याने ते निघत नाही.

जस्त-शिसं वगैरे धातूंचं एका वाक्यात: क्लोराइड भरपूर असलं की ते त्याच्याशी जोडी करून विरघळलेले राहतात, क्षारात फारसे येत नाहीत, पण तेच ब्राइन खोल खडकांमधून फिरून दुसरीकडे धातूंचे साठे घालतं.

आता कोअरमध्ये क्रम न दिसण्याचं एक मोठं कारण, ज्यावर बऱ्याच पुस्तकांत उगाच गोंधळ आहे. समुद्राचं पाणी कायम आजच्यासारखं नव्हतं. जर्मनीतल्या पर्मियन काळातल्या त्सेक्स्टाइनच्या साठ्यात मॅग्नेशिअम सल्फेटची खनिजं भरपूर आहेत, पण कॅनडातल्या सस्कॅचेवनच्या, त्याहून जुन्या डेव्होनियन काळातल्या पोटॅशमध्ये ती नाहीतच, फक्त सिल्व्हाइट, कार्नालाइट आणि हॅलाइट. ब्राझीलमधल्या सर्जिपेला आणि थायलंडमधल्या खोरातला, दोन्ही क्रिटेशियस काळातले (पर्मियनच्या बऱ्याच नंतरचे), तर टॅकिहायड्राइट सापडतं, म्हणजे कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचं क्लोराइड. जिप्समच्या टप्प्यावर कॅल्शिअम संपत असेल तर शेवटच्या खनिजात कॅल्शिअम आलं कुठून? पूर्वी लोक प्रत्येक खोऱ्यासाठी वेगळं कारण शोधायचे, जीवाणूंनी सल्फेट खाल्लं, डोलोमाइट बनताना मॅग्नेशिअम गेलं, नदीचं पाणी आलं. ती कारणं कुठे कुठे खरीही आहेत. पण हार्डीने १९९६ मध्ये मांडलं की समुद्राच्या तळाशी मध्य-महासागरी पर्वतरांगांवर गरम बेसाल्ट पाण्यातलं मॅग्नेशिअम घेतो आणि कॅल्शिअम सोडतो, तो वेग काळानुसार कमीजास्त झाला तर अख्ख्या समुद्राचं गुणोत्तर बदलतं. पुढे २००१ मध्ये लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी जुन्या हॅलाइटमध्ये अडकलेल्या ब्राइनच्या सूक्ष्म थेंबांचं विश्लेषण करून ते दाखवलं. क्रिटेशियसच्या समुद्रात सल्फेटपेक्षा कॅल्शिअम जास्त होतं, म्हणजे दुसऱ्या वजाबाकीत सल्फेट संपलं आणि कॅल्शिअम उरलं. वर मांडलेला हिशेब तसाच, फक्त दोन आकडे बदललेत. म्हणून आजच्या समुद्राचा क्रम घेऊन डेव्होनियन कोअर वाचायला बसलात तर ती 'अर्धवट' वाटणारच.

आणि शेवटचं कारण म्हणजे क्षार गाडले गेल्यावर गप्प बसत नाहीत. जिप्सममध्ये वजनाच्या जवळपास २१ टक्के पाणी असतं, खोल जाऊन त्याचं ॲनहायड्राइट होतं तेव्हा हे सगळं पाणी सुटतं आणि शेजारचं मीठ विरघळवत निघतं. कार्नालाइटमध्ये तर ३९ टक्के पाणी. त्यावर कमी तीव्र पाणी आलं की तो पूर्ण विरघळत नाही, मॅग्नेशिअम क्लोराइड पाण्यात जातं आणि सिल्व्हाइट मागे राहतं. जगातलं बरंचसं सिल्व्हाइट असं कार्नालाइट मोडून बनलेलं आहे. उलट पडलेल्या जिप्समवर पोटॅशिअम-मॅग्नेशिअमचं तीव्र ब्राइन आलं तर पॉलिहॅलाइट बनतं, म्हणजे शेवटच्या टप्प्याचं पोटॅशिअम थेट दुसऱ्या टप्प्याच्या थरात जाऊन बसलेलं. आता सांगा, क्रम कुठे शोधायचा.

कोअर हातात आली तर मी स्वतः काय करतो ते सांगतो. केमिस्ट्रीच्या आधी पातळ काप करून हॅलाइट बघायचं. आत अडकलेल्या ब्राइनच्या थेंबांच्या पट्ट्या एकावर एक, टोकं वर केलेल्या, अशा दिसत असतील तर तो स्फटिक उथळ पाण्यात तळावर वाढलेला, मूळचा. स्वच्छ, पारदर्शक, मोठमोठे दाणे आणि कडांवर एखाददुसरा मोठा थेंब असेल तर तो परत स्फटिकलेला, त्याचं ब्रोमीन मूळ पाण्याबद्दल बोलत नाही, नंतरच्या पाण्याबद्दल बोलतं. गोड्या पाण्यात विरघळून परत जमलेल्या मिठात ब्रोमीन बरंच खाली जातं, कारण विरघळताना क्लोराइड भरपूर मिळतं आणि ब्रोमाइड चिमूटभर, परत जमताना त्यातलाही बहुतेक पाण्यातच राहतो. दुसरं, लॅबमधून हॅलाइटचा रिपोर्ट येतो त्यात मॅग्नेशिअम, पोटॅशिअम, लिथियम असे आकडे असतात आणि लोक त्यावर ग्राफ काढून मोकळे होतात. हॅलाइटच्या जाळीत यांना जवळपास जागाच नाही, ते आकडे बहुतेक आत अडकलेल्या थेंबांचे. बारीक कुटून, पाण्याने नव्हे तर अल्कोहोलने धुऊन परत मोजा. धुतल्यावर ब्रोमीन फारसं हललं नाही आणि मॅग्नेशिअम आपटलं, तर ब्रोमीन जाळीतलं आहे आणि मॅग्नेशिअम थेंबांतलं. थेंबांचं विश्लेषण मग वेगळं करून घ्या, ते जास्त कामाचं आहे.

सल्फेटचे थर असतील तर गंधकाचे आयसोटोप, म्हणजे जड आणि हलक्या गंधकाचं प्रमाण, तपासून घ्या. जिप्सम बनताना फरक दीडच्या आसपास प्रति हजार एवढाच पडतो, त्यामुळे थरातला आकडा मूळ पाण्याच्या अगदी जवळ असतो. आजच्या समुद्राचं मूल्य अधिक २१ प्रति हजार, पर्मियनच्या शेवटाकडे ते ११ च्या आसपास होतं, म्हणजे थर समुद्राचाच आहे का आणि साधारण कुठल्या काळाच्या पाण्याशी जुळतो हे तपासता येतं. आकडा त्या काळाच्या समुद्रापेक्षा बराच जड आला तर जीवाणूंनी हलकं सल्फेट आधीच खाल्लंय, आणि मग तिथे सल्फेटची वजाबाकी परत करावी लागेल.